एका माणसाचं सामान

पेडणेकरांच्या दुकानात उभी राहिले
आणि तोंडातून निघालं, उकडे, दोन पायली.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं :
"घरात लगीन आसा काय गो?"
नाही म्हटलं. मग किती?
मला सांगता येईना.

बावीस वर्षं मालवणात, बंदराजवळच्या खानावळीत
मी पातेल्याकडे नुसतं बघून मीठ टाकलं.
दुपारी चाळीस ताटं, रात्री तीस,
मे महिन्यात मोजणं सोडूनच द्यायचं.
माझी ओंजळ म्हणजे
दहा नारळांच्या वाटणाला पुरतील एवढे धणे.
मग मोंडकरांनी खानावळ मोडली,
पर्यटकांसाठी खोल्या काढल्या,
माझा हिशेब चुकता केला आणि वर एक झारा दिला.
झारा मी मागितला नव्हता.

आता आचऱ्याला ही खोली. एक खिडकी, दोन फळ्या,
एकाच बर्नरची शेगडी,
मागच्या भाडेकरूने सोडलेला खिळा.
त्याला लसणाची जुडी टांगली
तेव्हा कुठे दाराला कुलूप लावावंसं वाटलं.

तर, पायलीवरून उतरत उतरत चिपट्यावर आले.
तांदूळ पत्र्याच्या डब्यात, वर कडुनिंबाचा पाला.
कुळथाचं पीठ. याला कधी नाही म्हणू नये :
मासळी नाही, भाजी नाही, अंगात ताप आहे,
दारात पावणा आहे,
दहा मिनिटांत पिठी होते, आणि तिच्यावर कुणी रुसत नाही.
आमसुलं ओलसर, काळी बघून घेतली;
खडखडीत असतात ती गेल्या सालची,
दुकानदार ती गप्पा मारत खपवतात.
मीठ जाडं, आणि बरणीतच. इथल्या हवेत
बारीक मीठ पिशवीतच आंघोळ करून बसतं.
हळद, मिरची, गूळ, चहा, गोडंतेल अर्धा लिटर.
पोहे, कारण सकाळी सातला कुणीच शूर नसतं.
सुकट तीन पिशव्यांत बांधली, तरी मांजराला कळलं.
तिरफळं मात्र माझी होती, रुमालाच्या गाठीत,
बावीस वर्षांतली एवढीच चोरी.

नारळ एक.
"जोडी घे, स्वस्त पडतली," पेडणेकर म्हणाले.
एकच, मी म्हटलं. तो तीन दिवस पुरेल.
आणि माझीच मला लाज वाटली,
कसली, ते अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी पहिला भात.
डब्यात गेली ती जुनीच मूठ, रुंद, घाईची.
परत ओतली. वाटी घेतली. अर्धी भरली.
दाणे मोजता आले असते.
हाताला कसं सांगायचं
की दारात कुणी चपला काढत नाहीये?

लसणाची फोडणी, दोन आमसुलं, पीठ पाण्यात कालवून
गुठळी होऊ न देता ढवळत राहिले.
चव बरोबर होती. माप चुकलं :
टोप खाली उतरवला तर चौघांची पिठी.

शेजारच्या खोलीत पोस्टात नवा लागलेला मुलगा,
बालाजी, लातूरकडचा,
आठवडाभर बिस्किटांवर आहे हे भिंतीतून कळतं.
पुडा फाडल्याचा आवाज, मग चहाचा भुरका, मग काहीच नाही.
वाडगा दिला. त्याने वास घेतला.
"हे कशाचं?" कुळथाचं.
"म्हणजे हुलगे. आमच्याकडं बैलाला चारतात, मावशी,"
असं म्हणून त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतली,
तिसऱ्यांदा टोप माझ्याच हातून तिरपा झाला.

रोज मिळणार नाही, हे त्याला बजावून सांगितलंय.
मी काही खानावळ उघडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पेडणेकरांकडून
आणखी एक नारळ आणला.
जोडीने स्वस्त पडतो, म्हणून.